केर आणि मुरूम

दिल्लीत करोल बागेतल्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात केर कधी फेकत नाहीत. यातली बरीच दुकानं सांगलीकडच्यांची, खानापूर-आटपाडीची. संध्याकाळी झाडलोट झाली की धूळ, फुटक्या मुशीचे तुकडे, हात पुसायचं फडकंसुद्धा डब्यात जातं. पुढे ते जाळून, धुऊन त्यातलं सोनं काढतात. आमच्या गल्लीतले आप्पा म्हणतात, "माती टाकली तर घर बुडंल."

आप्पांचं हे वाक्य आठवलं ते थेट जुनापाणीच्या माळावर. नागपूरहून काटोल रस्त्याला दहाएक किलोमीटर. इथे ३०० च्या आसपास शिलावर्तुळं आहेत म्हणतात. मला पहिली दहा मिनिटं एकही दिसलं नाही. नुसते काळे दगड आणि काटेरी झुडपं. मग एका दगडावरून दुसऱ्यावर नजर सरकवत गेलो आणि गोल जुळला. आतली जमीन किंचित फुगलेली. पोटात दगडगोट्यांचा आणि मातीचा भर, त्याखाली अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातली दफनं. काही दगडांवर छोट्या वाट्या कोरलेल्या, ओळीनं. एकीत अंगठा टेकवला, कडा गुळगुळीत.

असं वर्तुळ खणायचं तर आधी दोरीनं फुली मारून चार भाग पाडतात. समोरासमोरचे दोन आधी खणायचे, मधे मातीच्या भिंती राखायच्या. कुठला थर कशावर पडला, ते त्या भिंतींत वाचता येतं. गलाईच्या केरासारखी इथलीही माती टाकत नाहीत, ती चाळणीतून जाते, कारण मणी हरभऱ्याहूनही लहान असू शकतो. पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांच्या चमूला नागपूरजवळच्या माहुरझरीला घोड्याचे अवशेष आणि त्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज मिळाला. साज कसंही खणलं तरी निघाला असता. तो घोड्याच्या तोंडावर होता, हे मात्र सावकाश खणलं म्हणूनच कळलं.

जुनापाणीला केंद्राचं संरक्षण आहे. प्राचीन स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण विदर्भातली कितीतरी वर्तुळं शेतात, पडीक रानात आहेत. इंग्लंडात खडूच्या माळांवरचे थडग्यांचे कितीतरी उंचवटे नांगरानं सपाट केले. इथे नांगराच्या जोडीला मुरूम म्हणून भर उपसून नेणारी ट्रॉली आहे. दगड बांधावर गेला तर एखाद्या वेळी ओळखू तरी येईल. भर उपसला की थर कायमचे गेले.

नागपूर-वर्ध्याकडे तुमचं शेत असेल आणि त्यात दगडांचा गोल असेल, तर मुरूम काढण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवा.