गुलमर्ग की औली?

बर्फावरून घसरण्याची हौस सह्याद्रीत भागत नाही, म्हणून आम्ही पाच जणांनी हिमालयात जायचे ठरविले, आणि लगेच वाद पेटला. काश्मीरचे गुलमर्ग की उत्तराखंडातील औली? वर्षभर साठविलेले पैसे चिखलात घालायचे नसतील, तर 'तिकडे खूप बर्फ पडतो' एवढ्या ऐकीव माहितीवर भागत नाही.

हिवाळ्यात हिमालयात बर्फ पडतो तो मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे. गुलमर्ग पीर पंजालच्या कुशीत, ३४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे त्यांच्या वाटेवरच. औली साडेतीस अंशांवर, बरीच आग्नेयेला. दुबळा विक्षोभ तिथवर पोचेपर्यंत पुष्कळदा रिता झालेला असतो.

खरी फसगत होते ती उंचीपायी. गुलमर्गचे मैदान सुमारे २६५० मीटरवर. गोंडोला मात्र अफरवटच्या खांद्यापर्यंत, ३९०० मीटरच्या वर नेतो. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे खाली पाऊस असताना वर भुसभुशीत हिम साचू शकते. नुसता 'गुलमर्गचा बर्फ' म्हणून आकडा कानी आला, तर तो खालचा की वरचा, हे आधी विचारावे. वरचे उतार पटाईतांचे, शिवाय हिमलोट कोसळण्याची धास्ती. आम्हा नवशिक्यांना त्यांचा काय उपयोग? औलीचे उतार सुमारे २५०० ते ३०५० मीटरचे. म्हणजे आमच्यापुरती तुलना वाटते तितकी विषम नाही!

शिवाय पडलेला बर्फ वेगळा आणि साचलेला वेगळा. ताजे हिम दबून बसते. चार वेळा फूटभर पडले म्हणून चार फुटांचा थर मिळत नाही.

वर्षावर्षाचा लहरीपणा आहेच. २०२४ च्या जानेवारीत, ऐन 'चिल्लई कलान'मध्ये, गुलमर्ग जवळजवळ उघडे होते. २०२५ मध्ये तिथल्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने कृत्रिम बर्फाची यंत्रे आली, पण त्यांनाही कडाक्याची थंडी लागतेच.

तेव्हा मी नाताळच्या सुटीचा हट्ट सोडून फेब्रुवारीतले गुलमर्ग सुचविले. औलीहून नंदादेवी दिसते, हा विरुद्ध पक्षाचा मुद्दा मात्र मला अद्याप खोडता आलेला नाही.