हॅलोफिला आणि उजेडाचा हिशेब

कार्बन साठवणारी परिसंस्था म्हणून समुद्रगवताचा अलीकडे जो गौरव होतो, तो बऱ्याच अंशी भूमध्य समुद्रातील पोसिडोनियासारख्या, मुळांखाली हजारो वर्षांचा कित्येक मीटर जाडीचा थर रचणाऱ्या दीर्घायुषी जातींच्या अभ्यासावर उभा आहे. हॅलोफिला डेसिपियन्स या खोल पाण्यातील जातीला तीच आकडेमोड लावणे ही निव्वळ अतिशयोक्ती ठरते. ती शैवाल नसून पाण्याखालीच फुलणारी सपुष्प वनस्पती आहे. तिची पाने जेमतेम एक ते अडीच सेंटिमीटर लांब असतात आणि मधली शीर वगळता पानाची जाडी पेशींच्या दोनच थरांची असते. समुद्रगवतांना पृष्ठभागावरील प्रकाशाच्या सरासरी 11 टक्के प्रकाश लागतो, पण हॅलोफिलाचे त्याहून बऱ्याच कमी प्रकाशात भागते, कारण स्वतः अन्न न बनवणाऱ्या जाड खोडामुळांना तिला पोसावे लागत नाही. म्हणूनच ती 58 मीटर खोलीवरही आढळली आहे. एरवी उघड्या राहणाऱ्या त्या तळावर ती काही महिने गाळ धरून ठेवते, कोळंबी आणि माशांच्या पिलांना आडोसा देते, तर उथळ भागांत हॅलोफिलाच्या जाती डुगाँग या सागरी सस्तन प्राण्याचे आवडते खाद्य ठरतात.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओस्टेनफेल्ड यांनी 1902 मध्ये या जातीचे वर्णन सयामच्या आखातातील एका मोहिमेच्या संग्रहावरून केले. त्या मोहिमेचे प्रमुख संग्राहक योहानेस श्मिट पुढे ईल माशाचे जन्मस्थान शोधत सारगासो समुद्रापर्यंत पोहोचले आणि त्याच शोधामुळे ओळखले गेले. त्यांनी जमवलेल्या वनस्पती मात्र तज्ज्ञांपुरत्याच उरल्या, हे काहीसे अन्यायाचेच.

कोकण-गोव्याच्या खाड्यांत याच प्रजातीतील हॅलोफिला बेकारी कांदळवनालगतच्या चिखलात वाढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील जगताप आणि उंटवाले यांनी मांडवीतील तिच्या कुरणाचा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध केला. धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती असुरक्षित गणली जाते. कोकणातील खाड्यांत सांडपाणीही येते. अंबरनाथ एमआयडीसीच्या परिसरातून वाहणारी वालधुनी नदी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि ते पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते, त्यामुळे अशा वनस्पतींचा विचार करताना सांडपाण्यातील रसायनांइतकाच पाण्याच्या गढूळपणाचाही विचार करावा लागतो: नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की सूक्ष्म शैवाल फोफावते आणि तळाशी पोहोचणारा उजेड अडवते. अन्नाचा फारसा साठा नसलेली हॅलोफिला अंधारात काही आठवड्यांपलीकडे तगत नाही. गाळात राहिलेल्या बियांतून ती पुन्हा उगवू शकते, परंतु त्यासाठी पाणी निवळण्याचा काळ लागतो, आणि वर्षभर वाहणारे सांडपाणी तो काळच शिल्लक ठेवत नाही.