आयसीयूमध्ये फार्मासिस्टचं काय काम? औषधाची चूक कुठे होते आणि ती कोण पकडतं?

अंजनगाव सुर्जीत रात्री कुणाची तब्येत एकदम बिघडली, की अनेकदा रुग्णाला अमरावतीला किंवा अकोल्याला न्यावं लागतं. आयसीयूच्या दारातच विचारलं जातं, "आधीपासून कोणती औषधं सुरू आहेत?"

"बीपीची बारकी पांढरी गोळी घेते जी," असं उत्तर येतं. पण बारक्या पांढऱ्या गोळ्या तर कितीतरी आहेत! औषधाची चूक होण्याची पहिली जागा हीच.

चूक आणखी कुठे होते?

आयसीयूतल्या रुग्णाला एकाच वेळी बरीच औषधं सुरू असतात. डॉक्टर लिहितात, नर्स देतात. दोघांवरही कामाचा ताण असतो.

इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीला ४० युनिटचं असतं, तर पेनमधलं १०० युनिटचं. १०० युनिटवालं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला १० नाही, २५ युनिट जातात. म्हणजे थेट अडीचपट. साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

पोटॅशियम क्लोराईडचं इंजेक्शन पाण्यासारखं दिसतं. सलाईनमध्ये न मिसळता थेट शिरेत दिलं, तर हृदय बंद पडू शकतं.

नाकातल्या नळीतून औषध देताना गोळी कुटली जाते. पण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

मग फार्मासिस्ट काय करतो?

आपल्याला फार्मासिस्ट म्हटलं की मेडिकलचं काउंटर आठवतं. आयसीयूतला क्लिनिकल फार्मासिस्ट मात्र डॉक्टरांसोबत राउंडला असतो. घरची औषधं आणि नवीन औषधं तो जुळवून बघतो. किडनी कमी काम करत असेल तर डोस कमी करायला सुचवतो. कोणती दोन औषधं एकाच नळीतून देऊ नयेत, हे सांगतो. निर्णय डॉक्टरांचाच असतो, पण औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी आणखी एक नजर त्यावरून फिरते.

याचा फायदा होतो का?

अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये याचा अभ्यास झाला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. फार्मासिस्ट राउंडला आल्यावर औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे रुग्णांना होणारी, टाळता येण्याजोगी इजा ६६ टक्क्यांनी घटली. फार्मासिस्टच्या जवळपास सगळ्या सूचना डॉक्टरांनी मान्य केल्या.

भारतात २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात रुग्णाच्या खाटेजवळचं हे काम शिकवलं जातं. पण प्रत्येक आयसीयूत असा माणूस असेलच असं नाही. म्हणून थोडं काम आपल्यालाही करावं लागतं.

तुम्ही काय करू शकता?

- घरातल्या प्रत्येकाच्या औषधांच्या पाकिटांचे फोटो आजच मोबाईलमध्ये ठेवा. नाव आणि मिलीग्रॅम स्पष्ट दिसू द्या.
- दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. आयुर्वेदिक औषधं, काढेही लपवू नका.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ते विचारायची वाट न पाहता सांगा.
- मेडिकलमधून आणलेलं औषध चिठ्ठीशी जुळवून घ्या. वेगळी कंपनी किंवा वेगळी ताकद दिली असेल, तर नर्सना दाखवा.
- औषधाचा दुष्परिणाम वाटला, तर आधी डॉक्टरांना सांगा. त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवरही करता येते.

रात्री गाडीत बसताना कागद शोधायला वेळ नसतो. फोटो मात्र खिशातच असतो.