सभागृहातील घुमारा व त्याचा बंदोबस्त

सौदी अरेबियाच्या पूर्व भागात धहरान नावाचे नगर आहे. खनिज तेलाच्या विद्येसाठी नावाजलेले किंग फाहद विद्यापीठ तेथेच आहे. त्या विद्यापीठातील अभ्यासक अदेल अब्दू यांनी सौदी अरेबियातील २१ मशिदींत ध्वनिमापनाची उपकरणे नेली आणि आपले निष्कर्ष २००३ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आवाज किती वेळ रेंगाळतो, शब्द किती स्वच्छ पोहोचतो, पंखे व वातानुकूलनाची यंत्रे चालू असता त्यात काय फरक पडतो, ध्वनिक्षेपक लावल्याने खरोखर सुधारणा होते काय, असे प्रश्न त्यांनी यंत्रांपुढे ठेवले. निष्कर्ष असा की, मशीद रिकामी असता तिची ध्वनिस्थिती इष्ट मर्यादेपासून बरीच दूर असते. भाविकांनी भरली म्हणजे ती पुष्कळ सुधारते.

हिंदू मंडळाच्या स्मरणिकेत मशिदींचे मोजमाप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. ध्वनी भिंतीला धर्म विचारीत नाही. जेथे एक मनुष्य बोलतो व शेकडो ऐकतात, आणि ज्या वास्तूच्या भिंती काँक्रीटच्या आहेत, तेथे प्रवचनकाराची व इमामाची अडचण एकच असते.

आता त्या मशिदींतील एक गोष्ट पाहावी. जमिनीवर सर्वत्र गालिचा असतो. मग आवाज तेथे शोषला जात नाही काय? जातो, पण अर्धाच! काँक्रीटवर पसरलेला जाड गालिचा दर सेकंदाला ४००० कंपने असलेल्या तीव्र ध्वनीचा सुमारे ६५ टक्के भाग गिळतो. १२५ कंपनांच्या मंद्र ध्वनीचा मात्र जेमतेम २ टक्के. कारण उघड आहे. १०० कंपनांच्या ध्वनीची लहर ३.४ मीटर लांब असते, आणि मऊ पदार्थाने ती नीट पकडावयाची तर त्याची जाडी लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे ८५ सेंटीमीटर लागते. बोटभर जाडीच्या गालिच्याने हे होणे नाही. त्यामुळे तीव्र स्वर मरतात, मंद्र स्वर घुमत राहतात, आणि वातानुकूलनाच्या यंत्रांची घरघर, जी बहुतांशी मंद्रच असते, त्यांत भर घालते.

मंद्र घुमारा हा नुसता कानाला अप्रिय असतो असे नव्हे. तो आपल्यापेक्षा वरच्या स्वरांना झाकून टाकतो. स्वरवर्ण मोठ्याने वाजतात, पण शब्दाची ओळख पटते ती व्यंजनांवरून, आणि व्यंजने दुबळी असतात. ‘दार’ आणि ‘धार’, ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतील भेद क्षणार्धाचा. ज्याची ती मायबोली आहे, तो अर्धा शब्द ऐकून उरलेला मनाने भरून काढतो. आपल्या मॉरिशसमधील मुलांचे तसे नाही. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, आणि मराठी आठवड्यातून काही तास. ऐकू न आलेला शब्द ती कशाने भरून काढणार? सभागृहात कीर्तन चालू असता मागल्या रांगेतील मुले चुळबुळ करू लागली, तर आपण त्यांना भाषेची गोडी नाही म्हणून दोष देतो. आधी त्यांना भाषा ऐकू जाते काय, हे पाहिले पाहिजे.

गिरमिटावर आलेल्या आपल्या पूर्वजांच्या बैठका गवताने शाकारलेल्या असत. गवत मऊ, भिंत हलकी. मंद्र ध्वनी बाहेर निघून जाई. फेब्रुवारी १९६० मधील कॅरोल वादळाने तसली घरे भुईसपाट केली आणि बेटावर काँक्रीटचे युग आले. वादळापासून रक्षण झाले हे खरे, पण जी भिंत वाऱ्याला दाद देत नाही ती ढोलकीच्या घुमाऱ्यालाही देत नाही.

मंद्र ध्वनी पकडण्याची युक्ती फार जुनी आहे. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात नाट्यगृहांत धातूची पात्रे ठेवण्याविषयी लिहिले. युरोपातील कित्येक जुन्या चर्चांच्या भिंतींत मडकी पुरलेली आढळतात, आणि इस्तंबूल येथील सुलेमानिया मशिदीच्या (१५५० ते १५५७) घुमटातही तशी पात्रे आहेत. यामागील शास्त्र जर्मन विद्वान हेल्महोल्त्स याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडले. अरुंद तोंडाच्या मडक्यात फुंकर घातली असता जो एकच स्वर निघतो, तो त्या मडक्याचा स्वतःचा स्वर. गळ्यातील हवा हे वजन आणि पोटातील हवा ही स्प्रिंग, असे समजावे. बाहेरून तोच स्वर आला की गळ्यातील हवा जोराने हलू लागते. यास अनुनाद म्हणतात. गळ्यावर कापड ताणले तर त्या हालचालीचे घर्षण होऊन ध्वनीची शक्ती उष्णतेत विरून जाते. १० लिटरांचे पोट, ६ सेंटीमीटर व्यासाचे तोंड व ४ सेंटीमीटर लांबीचा गळा असलेल्या सुरईचा स्वर हिशेबाने ९५ कंपनांच्या आसपास येतो. परंतु चार-दोन सुरया मोठ्या दालनात काही करू शकत नाहीत, हे लक्षात ठेवावे. जुन्या वास्तूंतील मडक्यांचे माहात्म्य सांगताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

आपल्या कामाचा प्रकार दुसरा आहे, तो पडद्याचा. भिंतीपासून अंतर राखून पातळ फळी बसवावी आणि कडा हवाबंद कराव्यात. फळी हे वजन, मागली हवा ही स्प्रिंग. फळीचे दर चौरस मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये आणि पोकळीची खोली मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे, आणि ६० या संख्येस त्याने भागावे. फळीची कंपनसंख्या मिळते. ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे वजन चौरस मीटरला सुमारे ३.६ किलोग्रॅम. पोकळी १० सेंटीमीटर ठेवली तर गुणाकार ०.३६, वर्गमूळ ०.६, आणि उत्तर १००. शालान्त वर्गातील विद्यार्थ्यास हा हिशेब करता येईल.

हिशेब सोपा, परीक्षा कठीण. शोषकाची कसोटी दोन प्रकारे घेतात. एक, लांब नळीच्या टोकाला लहानसा तुकडा बसवून. पण नळीत मावणारा वीतभर तुकडा आणि भिंतीवरचा दोन मीटरचा तक्ता सारखे हलत नाहीत, कारण कडांचे बंधन वेगळे. दुसरी, सुमारे २०० घनमीटरच्या घुमणाऱ्या खोलीत १० ते १२ चौरस मीटर नमुना अंथरून आवाज विरण्याचा काळ मोजणे. १०० कंपनांच्या खाली हीही रीत डळमळते. खोलीत त्या पट्ट्यात मोजकेच स्वर घुमतात, त्यामुळे उपकरण हातभर सरकवले की उत्तर बदलते.

संगणकावरील प्रतिकृतीचेही तसेच. अब्दू यांनी निरनिराळ्या आकारांच्या मशिदी संगणकावर उभारून तुलना केली, आणि अशा कामी संगणक बहुमोल आहे. मात्र ध्वनी किरणांसारखा सरळ जातो असे धरणारी रीत मंद्र स्वरांना लागू पडत नाही. तेथे जागेचे लहान लहान भाग पाडून लहरीचे समीकरण सोडवावे लागते. सीमा कोठे, हे श्रोडर यांच्या सूत्राने कळते. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद व ४ मीटर उंच सभागृहाचे आकारमान ६०० घनमीटर. निनादकाल दीड सेकंद असेल तर ही सीमा नेमकी १०० कंपनांवर येते. त्याखाली प्रत्येक घुमणारा स्वर स्वतंत्र ओळखावा लागतो. असे सर्व स्वर कोपऱ्यांत सर्वांत बलवान असतात, म्हणून पडद्यांची पहिली जागा कोपऱ्यांलगत.

अशाच सभागृहाचा अंदाज करून पाहू. १२५ कंपनांना निनादकाल ३ सेकंद असेल, तर सेबिन यांच्या सूत्रानुसार (त्यांनी १८९५ साली हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात गाद्या वाहून नेत हे शोधण्यास आरंभ केला) तेथे मंद्र ध्वनीचे शोषण सुमारे ३२ चौरस मीटर आहे. काल निम्म्यावर आणावयाचा तर आणखी तितकेच हवे. पडदा आलेल्या ध्वनीचा चार दशांश भाग शोषतो असे धरले, तर ८० चौरस मीटर पडदे लागतील. आठ बाय चार फुटांचे २७ तक्ते. काम लहान नाही, हे मी लपवीत नाही.

तरीही नव्या ध्वनिक्षेपकांसाठी वर्गणी गोळा करण्याचा जो विचार काही मंडळांत चालतो, त्यास माझा विरोध आहे. घुमणाऱ्या दालनात आवाज वाढविला की घुमाराही वाढतो. आधी दालन मोजावे. मोबाईल फोनवर ६३, १०० व १२५ कंपनांचे स्वर बऱ्यापैकी मोठ्या कर्ण्यातून वाजवावेत, एकदम बंद करावेत, आणि विरण्याचा काळ पाच-सहा जागी नोंदवावा. पंखे चालू व बंद, दोन्ही वेळा. जो स्वर सर्वांत जास्त रेंगाळेल त्याला जुळणारे सहा तक्ते प्रथम कोपऱ्यांत बसवावेत. मागे न जळणारी खनिज लोकर भरावी, पण ती फळीला टेकू देऊ नये. आपल्या दमट हवेत लाकडाला वाळवी लागते, म्हणून चौकटीला औषध लावून घ्यावे. मग पुन्हा मोजावे, त्याच जागी, तेच स्वर; आणि दोन्ही नोंदी कार्यकारिणीपुढे ठेवून उरलेल्या तक्त्यांचा निर्णय घ्यावा.