आलेखाचा अक्ष कुठून कुठपर्यंत असावा?

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. बूस्टर रॉकेटचे भाग जिथे जोडले जातात, त्या सांध्यातील रबरी कडी म्हणजे ओ-रिंग थंडीने ताठर झाली होती. त्यामुळे ती गरम वायू अडवू शकली नाही, असे चौकशीत आढळले.

आदल्या संध्याकाळी अभियंते आणि व्यवस्थापक दूरध्वनीवर याच थंडीबद्दल बोलत होते. आधीच्या उड्डाणांची माहिती त्यांच्याकडे होती, पण सगळ्या उड्डाणांचे तापमान आणि कड्यांचे नुकसान एकत्र दाखवणारा आलेख कोणी काढला नव्हता. तो काढायचा म्हटले, तर पहिला प्रश्न येतो तो असा: तापमानाचा अक्ष कुठून सुरू करायचा?

सॉफ्टवेअर काय करते?

चॅलेंजरपूर्वीच्या २४ उड्डाणांपैकी २३ उड्डाणांचे बूस्टर समुद्रातून काढून तपासता आले. त्या वेळचे सांध्यांचे तापमान ५३ ते ८१ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ ते २७ अंश सेल्सियस होते. हे आकडे संख्याशास्त्राच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला दिले, तर आडवा अक्ष साधारण ५० ते ८० असाच निघतो. कारण सॉफ्टवेअर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या बघते आणि दोन्ही टोकांना थोडी जागा सोडते. 'आर' या भाषेतील साध्या आलेखात ही जागा प्रत्येक बाजूला ४ टक्के असते, तर पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ५ टक्के.

२८ जानेवारीच्या सकाळी तापमान ३० अंश फॅरनहाइटच्याही खाली, म्हणजे पाणी गोठेल इतके उतरेल, असा अंदाज होता. ज्या तापमानाबद्दल निर्णय घ्यायचा होता, ते आपोआप निघालेल्या आलेखात कुठेच दिसत नाही. सॉफ्टवेअरला आकडे माहीत असतात, प्रश्न माहीत नसतो.

अक्ष वाढवल्यावर काय दिसते?

हाच अक्ष २५ पासून सुरू केला, तर दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. ६५ अंशांखाली झालेल्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती. त्याहून उबदार हवेतील १९ उड्डाणांपैकी तिघांतच ती झाली होती. दुसरी गोष्ट म्हणजे ५३ च्या डावीकडची मोकळी जागा. तिथे एकही ठिपका नाही आणि नेमके तिथेच यान सोडले जाणार होते.

ही रिकामी जागा म्हणजेही माहितीच आहे. इतक्या थंडीचा अनुभव कोणालाच नाही, असे ती सांगते. मात्र अक्ष वाढवला म्हणून ठिपक्यांतून काढलेली रेषा तिथपर्यंत खात्रीने ओढता येते, असा याचा अर्थ नाही.

मर्यादा घालताना होणारी चूक

'आर'च्या साध्या आलेखात मर्यादा ठरवण्यासाठी 'एक्सलिम' आणि 'वायलिम' वापरतात. मॅटप्लॉटलिबमध्ये त्यासाठी 'सेट एक्सलिम' आणि 'सेट वायलिम' आहेत. एक्सेलमध्ये अक्षावर राइट क्लिक करून किमान आणि कमाल संख्या देता येते.

खरा घोटाळा 'जीजीप्लॉट२' मध्ये होतो. तिथे मर्यादा दोन प्रकारे घालता येते आणि दोन्हींचे काम वेगळे आहे. 'स्केल'मध्ये मर्यादा दिली की तिच्याबाहेरचे आकडे काढून टाकले जातात आणि रेषा उरलेल्या आकड्यांवरून काढली जाते. 'कोऑर्ड कार्टेशियन'मध्ये मर्यादा दिली, तर सगळे आकडे हिशेबात राहतात, फक्त चित्र तेवढ्याच भागाचे दिसते.

ओ-रिंगच्या आकड्यांवर हा फरक स्पष्ट दिसतो. 'स्केल'मध्ये किमान तापमान ६० ठेवले, तर ५३, ५७ आणि ५८ अंशांची तिन्ही उड्डाणे हिशेबातून जातात. इजा झालेल्या सातपैकी तीन उड्डाणे हीच आहेत. ती गेली की तापमान आणि नुकसान यांचा संबंध बराच सौम्य वाटू लागतो. काही ओळी वगळल्याची सूचना पडद्यावर येते, पण घाईत ती वाचायची राहून जाते.

शून्यापासून सुरुवात कधी?

स्तंभालेखात ती हवीच, कारण तिथे डोळा स्तंभांची उंची तोलतो. ३५ आणि ३९.६ टक्के कराचे दोन स्तंभ शून्यापासून काढले, तर दुसरा सुमारे १३ टक्के उंच दिसतो. अक्ष ३४ पासून सुरू केला, तर तोच जवळपास सहापट उंच दिसतो. एक्सेलसुद्धा आकडे एकमेकांच्या फार जवळ असले की उभा अक्ष आपणहून शून्याच्या वर सुरू करते. तो हाताने शून्यावर आणावा लागतो.

रेषालेखात किंवा ठिपक्यांच्या आलेखात शून्याची सक्ती नाही. तापाच्या रुग्णाचा तक्ता शून्य अंशापासून काढला, तर ९८ आणि १०४ यांतला फरक जेमतेम दिसेल, आणि डॉक्टरांना हवा असतो तो नेमका तोच. दोन शहरांचे किंवा दोन वर्षांचे आलेख शेजारी ठेवायचे असतील, तर दोघांचे अक्ष सारखे ठेवावेत. नाहीतर प्रत्येक आलेख आपापली मापे लावतो आणि तुलना फसते.

म्हणून आलेख काढण्याआधी निर्णय कोणत्या संख्येबद्दल घ्यायचा आहे, हे ठरवावे आणि ती संख्या अक्षावर दिसते का, ते पाहावे. दिसत नसेल, तर अक्ष हाताने वाढवावा.