रोप खुजं का राहतं?

डिंगोरे, उदापूर, ओतूर हा पट्टा टोमॅटोचा. नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या मालाची सुरुवात शेडनेटमधल्या ट्रेपासून होते. 25 ते 30 दिवसांत लागवडीला यायचं रोप दोन पानांवर अडून बसलं, की पहिला हात जातो खताच्या पुडीकडे. तो आवरा.

आधी एक रोप कपातून अलगद उपसा आणि मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी असतात, कोकोपीटचा गड्डा धरून ठेवतात. तपकिरी, लिबलिबीत, बोटांनी ओढताच साल निसटणारी असतील, तर पाणी जास्त झालंय. अशा ओलीत पिथियम बुरशी माजते आणि रोप बुडाशी कोलमडतं. मुळं पांढरी पण टोकं करपलेली दिसली, तर संशय क्षारांवर घ्या: नीट न धुतलेलं कोकोपीट, नाहीतर बोअरचं खारं पाणी. ईसी मीटरनं क्षार मोजा. सामूही वेगळा तपासा, तो 5.5 ते 6.5 हवा.

पानं खालून जांभळी? थंडीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही. दर वेळी खतच कमी असतं असं नाही. पाणी सकाळी, ऊन आल्यावर द्या.

शेंडा आकसला, पानं वाटीसारखी वळली, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला लीफ कर्ल विषाणू. त्यावर औषध नाही. ती रोपं उपटून नष्ट करा, 'सुधारतील' म्हणून शेतात नेऊ नका. उलगडा होत नसेल, तर फवारणीआधी ट्रेसकट रोपं नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.