घटस्फोटाचा खरा खर्च

घटस्फोटाची गोष्ट निघाली की वकिलाची फी किती, असा प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः तो खर्च दुय्यम होय. खरी किंमत मोजावी लागते ती काळाची, आणि ती उभयतांना सारखी पडत नाही. पगारदार पती चार वर्षे तारखा घेत राहू शकतो; संसारासाठी नोकरी सोडून आता भावाच्या घरी राहणाऱ्या पत्नीला चौथा महिनाही जड जातो. (याला अपवाद असलेली घरे आहेत, पण थोडी.) जो थांबू शकतो त्याच्या अटींवर सौदा होतो, हे १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईला दाखविलेच आहे.

परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. मध्यस्थीवरचा आजचा भर त्याच वाटेने आलेला असून तो स्वागतार्हच आहे. घरची धुणी चव्हाट्यावर धुण्यापेक्षा बंद खोलीतील बोलणी बरी. परंतु मध्यस्थ निकाल देत नाही, सौदा जुळवितो. एका पक्षाला दुसऱ्याची मिळकतच ठाऊक नसेल, तर त्या सौद्याला संमती कशी म्हणावी? पोटगीच्या दाव्यात दोघांनी मिळकत व कर्जे शपथेवर जाहीर करावीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घातला. ती शपथपत्रे मध्यस्थीच्या पहिल्या बैठकीपूर्वीच समोर आली पाहिजेत. ‘आधी समजुतीने घ्या, आकडे मागाहून पाहू’ हा उपदेश वडीलधाऱ्यांना शोभेल, न्यायालयाला नव्हे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. त्या ‘शक्यतो’मध्ये वर्षे मावतात.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणतः सामायिक होते व प्रत्येकाचा वाटा निम्मा असतो. पेडण्याची स्त्री बोलणीला भागीदार म्हणून बसते, सावंतवाडीची याचक म्हणून. आपल्याकडे फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचा. त्याचे हप्ते फिटत असताना स्वयंपाक, मुले व सासूसासऱ्यांची दुखणी सांभाळणाऱ्या श्रमांची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेतून हिस्सा देऊ पाहणारे विधेयक २०१३ साली राज्यसभेने संमत केले होते. लोकसभेत ते संमत झाले नाही. विवाह हा समवर्ती सूचीतील विषय आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्र विधिमंडळालाही असा कायदा करता येईल.